तुकडा किती लहान झाला की जंगल संपतं?

नागपूर–तुळजापूर महामार्गाने आर्णी मागे टाकून उमरखेडकडे निघालं की वाटेत महागाव लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. मधूनच एखादी टेकडी डोकं वर काढते. तिच्यावर सागवान, धावडा, पळस, मोह यांची दाटी असते आणि टेकडी उतरली की पुन्हा वावरं सुरू. यातले काही तुकडे वन खात्याचे, काही महसुलाच्या दप्तरात ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेले, काही एखाद्या देवस्थानाभोवती टिकून राहिलेले. पैनगंगेपलीकडे माहूरचे डोंगर, उमरखेड-किनवटच्या अंगाला पैनगंगा अभयारण्य आणि आणखी पूर्वेला पांढरकवड्याजवळ टिपेश्वर. परिसरशास्त्राच्या नजरेने ही सगळी बेटंच आहेत, फक्त भोवती पाण्याऐवजी शेती आहे.

आता एक गणित. चाळीस एकरांच्या एका टेकडीवर पक्ष्यांच्या 40 जाती आहेत असं धरू. मुरमासाठी अर्धी टेकडी खोदून नेली. किती जाती उरतील? बरेच जण पटकन ‘वीस’ म्हणतील. रोज वावरात जाणारा कास्तकार कदाचित म्हणेल, ‘चाळीसच, पाखराले पंख असते ना!’ दोन्ही उत्तरं चुकतात. जगभरच्या बेटांवरून काढलेल्या ढोबळ नियमाने उत्तर येतं 32 च्या आसपास. उरलेल्या वीस एकरांतले दहा गेले तर 26, त्यातलेही पाच गेले तर 21. म्हणजे जागा आठव्या हिश्श्यावर आली तरी जाती निम्म्याहून जास्त.

ऐकायला बरं वाटतं. पण हा दिलासा फार ताणता येत नाही. तुकडा लहान होत होत एका आकाराला पोचला की हा नियमच काम करेनासा होतो. त्या आकाराला अभ्यासक ‘उंबरठा’ म्हणतात. तो नेमका किती, आणि तो निसर्गात खरोखर आहे की आलेखावर पट्टी ठेवल्यामुळे दिसलेला भास आहे, यावर या शतकाच्या सुरुवातीपासून संख्याशास्त्राच्या अंगाने बराच वाद झाला आहे. मला स्वतःला हा वाद उंबरठ्याच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. कारण आकडा एकदा छापला गेला की तो सरकारी टिपणीत शिरायला वेळ लागत नाही.

दहापट जागा, दुप्पट जाती

मोठ्या बेटावर जास्त जाती असतात, हे निरीक्षण जुनं आहे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत सामील झालेला निसर्गअभ्यासक योहान राइनहोल्ड फॉर्स्टर याने 1778 मध्येच ते लिहून ठेवलं. वेस्ट इंडीजमधल्या सरडे-बेडकांकडे पाहून फिलिप डार्लिंग्टन याने 1957 मध्ये त्याला लक्षात राहील असं रूप दिलं: जागा दहापट झाली की जाती साधारण दुप्पट होतात. एक हेक्टरात (म्हणजे सुमारे अडीच एकरात) 20 जाती असतील तर दहा हेक्टरात 40, शंभरात 80, हजारात 160. वरचं टेकडीचं गणित याच नियमावर बेतलेलं आहे.

या आकड्यांचा आलेख साध्या कागदावर काढला तर रेघ सुरुवातीला झपकन वर चढते आणि मग हळूहळू आडवी होत जाते. एक, दहा, शंभर, हजार या पायऱ्या मात्र सारख्या अंतरावर मांडल्या आणि जातींच्या संख्येलाही तशाच पटींच्या पायऱ्या दिल्या, तर तीच रेघ सरळ होते. अशा मांडणीला लॉग मोजपट्टी म्हणतात. रेघ सरळ झाली की ती किती तिरपी आहे हे एका आकड्यात सांगता येतं. डार्लिंग्टनच्या नियमात तो आकडा येतो 0.3, बऱ्याच खऱ्या बेटांसाठी तो 0.2 ते 0.35 च्या दरम्यान सापडतो.

मोठ्या जागेत जाती जास्त का? एक कारण उघड आहे: मोठ्या टेकडीवर नाला असतो, कातळ असतो, दाट सावली असते, उघडं गवत असतं. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. दुसरं कारण कमी दिसतं, पण अधिक खोल आहे. लहान जागेत प्रत्येक जातीचे जीव मोजकेच मावतात. सायाळीच्या दोनच जोड्या असतील, तर एका वाईट उन्हाळ्यात, एका वणव्यात किंवा नुसत्या योगायोगाने ती जात तिथून नाहीशी होऊ शकते. दोनशे जोड्या असतील तर असा योगायोग जवळजवळ अशक्य.

हे दुसरं कारण धरून रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोघांनी 1963 मध्ये एक सिद्धांत मांडला आणि 1967 मध्ये त्याचं पुस्तक केलं. बेटावर बाहेरून नव्या जाती येत राहतात, आधीच्या काही मरत राहतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की जातींची संख्या स्थिरावते. जाती बदलतात, संख्या टिकते. विल्सनचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ याने हे पडताळण्यासाठी केलेला प्रयोग आजही अचंबित करतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खारफुटीची काही मीटर रुंदीची बेटं आहेत. त्यातली काही त्याने अख्खी तंबूने झाकली, आत विषारी वायू सोडून सगळे कीटक-कोळी मारले आणि मग कोण परत येतं ते मोजत बसला. वर्षाच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या पूर्वीच्या जवळपास पोचली. जाती मात्र बऱ्याच वेगळ्या होत्या. सगळ्यात दूरच्या बेटाला सर्वांत जास्त वेळ लागला.

हे सगळं हार्वर्डमध्ये शिजत होतं, त्याच वर्षांत तिथे माधव गाडगीळ गणिती परिसरशास्त्रात पीएच.डी. करत होते. पुण्याला परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या. त्यांचा त्यावरचा गाजलेला लेख 1976 चा. देवराई म्हणजे बेटाच्या सिद्धांतासाठी आयता नमुना: सीमा ठरलेली, वय मोठं, आकार गुंठ्यांपासून कित्येक हेक्टरांपर्यंत सगळे.

जिथे नियम थांबतो

मॅकआर्थर-विल्सनची सरळ रेघ प्रसिद्ध होत होती, त्याच 1963 साली विल्यम निअरिंग या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रशांत महासागरातल्या कापिंगामारांगी या प्रवाळद्वीपाचा अभ्यास छापला. कड्यासारख्या आकारात पसरलेली ही बेटुकली. त्यांवरच्या वनस्पती मोजताना त्याला दिसलं की सुमारे साडेतीन एकरांहून मोठ्या बेटांवर नियम नीट लागू पडतो. त्याहून लहान बेटांवर मात्र क्षेत्रफळ आणि वनस्पतींच्या जाती यांचा काही संबंधच नाही. अर्ध्या एकराचं बेट आणि तीन एकरांचं बेट सारखंच.

असं का, याचं उत्तर पाण्यात होतं. प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. बेट पुरेसं रुंद असेल तरच हा गोड्या पाण्याचा थर बारमाही टिकतो. अरुंद बेटात खारं पाणी बाजूंनी घुसतं. तिथे मग फक्त खाऱ्याला तोंड देणाऱ्या मोजक्या वनस्पती राहतात आणि त्या अर्ध्या एकरावरही राहतात, तीन एकरांवरही. साडेतीन एकरांचा तो उंबरठा गोड्या पाण्याने घातलेला होता.

ही गोष्ट जरा थांबून पाहण्याजोगी आहे. आकड्यामागे कारण सापडलं म्हणून तो आकडा विश्वासार्ह झाला. आणि त्याच कारणामुळे तो दुसरीकडे नेता येत नाही. महागावच्या टेकडीखाली समुद्र नाही. तिथला उंबरठा असलाच तर तो दुसऱ्या कशाने तरी ठरेल: जमिनीच्या खोलीने, वणव्याने, कडेकडून आत शिरणाऱ्या गुरांनी.

उंबरठा ओलांडला की परिणाम दुसऱ्या प्रकारेही होतो. व्हेनेझुएलात गुरी धरण भरल्यावर डोंगरमाथे बेटं होऊन उरले. जॉन टरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिथली स्थिती मांडली. लहान बेटांवर शिकारी प्राणी उरलेच नव्हते, त्यामुळे पानं कापून नेणाऱ्या मुंग्या, घोरपडीसारखे इग्वाना, माकडं यांची दाटी मुख्य जंगलाच्या दहापट ते शंभरपट झाली होती. खाणारे वाढले आणि झाडांची रोपं उगवेनाशी झाली. इथे जाती एकेक करून कमी झाल्या नाहीत. एक दुवा निखळला आणि बाकीची साखळी घसरली.

वीजबिलावरून दर ओळखायचा

मग उंबरठ्यापाशी आलेखाची रेघ जिथे वळते, असा मोड खरोखर आहे की नाही, हे आकड्यांवरून कसं ठरवतात? महावितरणचं घरगुती वीजबिल घ्या. त्यात आधी ठरावीक ‘स्थिर आकार’ असतो. मग पहिल्या 100 युनिटना एक दर, 101 ते 300 ला चढा दर, पुढे आणखी चढा. आता कल्पना करा, हे टप्पे तुम्हाला कोणी सांगितलेलेच नाहीत. गावातल्या तीस घरांची बिलं तेवढी हातात आहेत: युनिट किती, रक्कम किती. त्यातही काही बिलांत मागची थकबाकी मिसळलेली, काहींत रीडिंगच अंदाजे टाकलेलं. एवढ्यावरून दर कितव्या युनिटला बदलतो, ते शोधा.

रीत अशी. कागदावर तीस ठिपके मांडा. आधी सगळ्यांमधून एकच सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक ठिपका रेघेपासून किती हुकला ते मोजा. हुकलेल्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्या. ही झाली एका रेघेची एकूण चूक. मग दर 40 युनिटला बदलतो असं मानून तिथे जुळणाऱ्या दोन रेघा ओढा, पुन्हा चूक मोजा. मग 41, 42, 43 असं सरकत जा. ज्या ठिकाणी चूक सर्वांत कमी येईल तो तुमचा अंदाजे टप्पा. संगणकाला हे काम क्षणाचं आहे. युनिटच्या जागी तुकड्याचं क्षेत्रफळ आणि रकमेच्या जागी जातींची संख्या ठेवा; बेटांवरचा उंबरठा याच रीतीने शोधतात. कापिंगामारांगीसारख्या ठिकाणी डावीकडची रेघ आडवी येते. वापर कितीही कमी केला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, तसं क्षेत्र कितीही घटलं तरी त्या चार-सहा चिवट जाती उरतातच.

या उदाहरणातून दोन अडचणीही दिसतात. तीस घरांपैकी एकाचाही वापर 80 ते 140 युनिटांच्या मधला नसेल, तर दर 85 ला बदलतो की 130 ला, हे त्या बिलांवरून खात्रीने सांगणं कठीण. आणि सगळीच घरं दीडशेच्या वर वापरणारी असतील, तर शंभराचा टप्पा तुम्हाला कधीच दिसणार नाही; तो नाही म्हणून नव्हे, तर तिकडे बघायला कोणी घरच नाही म्हणून. जंगलाच्या तुकड्यांचंही असंच. अभ्यासक चांगल्या, मोठ्या, पक्षी असलेल्या तुकड्यांत जातात. एकरभराच्या खुरट्या झुडपांकडे फिरकत नाहीत. मग उंबरठा सापडत नाही, आणि अहवालात लिहिलं जातं की उंबरठा नाही.

आणखी एक काटेकोर सवय इथे लागते. मोड 12 हेक्टरला आला, एवढं सांगून भागत नाही. तो किती डळमळीत आहे तेही सांगावं लागतं. त्यासाठी तीस तुकड्यांच्या तीस चिठ्ठ्या करतात, एक चिठ्ठी काढून नोंद करून परत टाकतात, असं तीसदा. काही तुकडे दोनदा येतात, काही येतच नाहीत. या नव्या संचावर मोड पुन्हा शोधतात. हे सगळं हजार वेळा. हजारांतले बहुतेक मोड 10 ते 14 च्या दरम्यान आले तर आकड्यात दम आहे. ते 2 पासून 90 पर्यंत पसरले तर 12 हा आकडा छापण्याच्या लायकीचा नाही.

चौकट: जास्तीच्या मोडाची किंमत

दोन जोडलेल्या रेघा एका रेघेपेक्षा ठिपक्यांना नेहमीच जास्त जवळून जातात, कारण त्यांना वाकायची मुभा असते. म्हणून चूक कमी झाली एवढ्यावर मोड सिद्ध होत नाही. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनी 1970 च्या दशकात सुचवलेली कसोटी इथे वापरतात: प्रतिमानात जेवढे आकडे जास्तीचे घ्याल, तेवढा दंड भरा.

समजा तुकडे 30, एका रेघेची चूक 4.8, मोडलेल्या रेघेची 4.5. फायदा मोजायचा तो 30 गुणिले (4.8 भागिले 4.5) चा नैसर्गिक लॉग, म्हणजे सुमारे 1.9. मोडासाठी दोन आकडे जास्तीचे लागले (मोडाची जागा आणि दुसऱ्या रेघेचा उतार), प्रत्येकी दंड 2, एकूण 4. फायदा 1.9, दंड 4: मोड नामंजूर. हीच चूक 4.5 ऐवजी 3.0 वर आली असती, तर फायदा 14 च्या वर गेला असता आणि मोड मान्य झाला असता. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.)

फसवे मोड

2001 मध्ये मार्क लोमोलिनो आणि मायकेल वायझर यांनी जगभरच्या बेटांची जुनी आकडेवारी गोळा करून त्यात असे मोड शोधले. त्यांना ते बऱ्याच ठिकाणी सापडले आणि ‘लहान बेटांचा परिणाम’ हा विषय एकदम चर्चेत आला. 2010 मध्ये युर्गेन डेंग्लर याने त्या सगळ्या पद्धतीवर बोट ठेवलं. त्याचे आक्षेप रुक्ष वाटतात, पण प्रत्येक आक्षेप आपल्या टेकड्यांनाही लागू आहे.

पहिला, मोजपट्टीचा. डार्लिंग्टनचा नियम दोन्ही बाजूंना लॉग मोजपट्टी लावली की सरळ रेघ देतो. पण काही अभ्यासक क्षेत्रफळाला लॉग लावतात आणि जातींची संख्या तशीच ठेवतात. अशा कागदावर तोच नियम वाकडा दिसतो: डावीकडे जवळजवळ आडवा, उजवीकडे चढता. त्यात मोड शोधायला गेलं तर हटकून सापडतो. निसर्गात काही बदललेलं नसतं, कागद बदललेला असतो.

दुसरा, शून्याचा. ज्या बेटावर एकही जात सापडली नाही त्याचं काय करायचं? शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून कित्येकांनी अशी बेटं यादीतूनच काढून टाकली. आता विचार करा: सर्वांत लहान बेटांपैकी जी रिकामी होती ती गेली आणि ज्यांवर नशिबाने दोन-चार जाती होत्या ती राहिली. साहजिकच आलेखाचं डावं टोक वर उचललं जातं, आडवं होतं आणि तिथे ‘उंबरठा’ दिसू लागतो. अशा वेळी जातींच्या संख्येला लॉग न लावता थेट मोजणीच्या आकड्यांसाठी असलेलं प्रतिमान वापरणं बरं; त्यात शून्य हा इतर आकड्यांसारखाच एक आकडा असतो.

तिसरी अडचण श्रमांची, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत मोठी. पक्षी मोजण्याची एक प्रचलित रीत अशी: सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि पन्नास मीटरच्या आत दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक पक्षी टिपायचा. दोन हेक्टरांच्या तुकड्यात अशी एकच जागा बसते, दोनशे हेक्टरांत वीस बसतात. पहिल्या दहा मिनिटांत सातभाई, बुलबुल, तांबट, भारद्वाज हे हमखास मिळतात. स्वर्गनाचण किंवा नवरंग मिळायला पाचवी-सहावी जागा उजाडते. म्हणजे मोठ्या तुकड्यातल्या जास्त जातींपैकी काही खरोखर जागेमुळे आहेत आणि काही निव्वळ जास्त वेळ उभं राहिल्यामुळे. उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा: लहान तुकड्यात पुन्हा पुन्हा जायचं, किंवा मोठ्या तुकड्याच्या नोंदींतून तेवढ्याच मिनिटांच्या नोंदी उचलून मग तुलना करायची.

शेती म्हणजे समुद्र नव्हे

जमिनीवरच्या बेटांना समुद्राचं गणित लावताना एक गोष्ट विसरली जाते. पाण्यात सायाळ चालत नाही. तुरीच्या वावरात चालते. यवतमाळ जिल्ह्यानेच याचं ठळक उदाहरण दिलं आहे. टिपेश्वरचा एक तरुण वाघ, रेडिओ कॉलर लावलेला, 2019 च्या जूनमध्ये घरातून निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाचा काही भाग असं भटकत वर्षाअखेरीस बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरांवर चाल. वाटेत शेतं, नाले, रस्ते, गावं. पुढे त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरलाही जरा कमी आहे. तिथे जन्मलेल्या प्रत्येक नर वाघाला आपला इलाखा मिळणं शक्यच नाही.

वाघासाठी महागावच्या टेकड्या म्हणजे वाटेवरचे मुक्काम. पालापाचोळ्यात राहणाऱ्या सरड्यासाठी मात्र मधलं सोयाबीनचं शेत समुद्रापेक्षा कमी नाही. म्हणून एकाच भूभागात वाघाचा उंबरठा वेगळा, हळद्याचा वेगळा, बेडकाचा वेगळा, झाडांचा आणखी वेगळा. सगळ्यांच्या जाती एका यादीत घालून एकच मोड काढला तर तो कोणाचाच नसतो. प्रिया दविदार आणि सहकाऱ्यांनी अंदमानच्या बेटांवर वनपक्ष्यांचा अभ्यास केला तेव्हाही नुसत्या आकाराइतकंच बेटावर कोणत्या प्रकारचं जंगल आहे हे महत्त्वाचं ठरलं होतं. मग प्रतिमानात क्षेत्रफळाबरोबर जवळच्या मोठ्या जंगलापासूनचं अंतर, मधल्या पिकांचा प्रकार, धुऱ्यावरची झाडं हे सगळं घ्यावं लागतं. घटक वाढले की तुकडेही जास्त मोजावे लागतात. तीस तुकड्यांवर पाच घटकांचं प्रतिमान उभं राहत नाही.

आणि काळ. धरण भरलं किंवा टेकडी खोदली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गणती केली तर जवळजवळ सगळ्या जाती हजर दिसतील. थायलंडमधल्या च्यू लार्न धरणात 1986-87 मध्ये बुडालेल्या खोऱ्यातली डोंगरबेटं पुढे पंचवीस वर्षं पाहिली गेली. दहा हेक्टरांहून लहान बेटांवरचे मूळ छोटे सस्तन प्राणी पाचेक वर्षांतच जवळपास संपले. मोठ्या बेटांवर त्यांना पंचवीस वर्षं लागली, पण तिथेही ते संपलेच, आणि बाहेरून आलेल्या एका उंदराने जागा घेतली. पाचव्या वर्षी मोजणाऱ्याने दहा हेक्टरांचा उंबरठा जाहीर केला असता. पंचविसाव्या वर्षी तो उंबरठा कितीतरी वर सरकलेला होता. तुकडा कधी तुटला हे माहीत नसेल, तर मोडाच्या आकड्याला अर्थ नाही.

रेघ कोणी मारली?

आपल्या धोरणांतही आकडे आहेत. देशाचा एक तृतीयांश भूभाग वनाखाली असावा, हे उद्दिष्ट 1952 च्या राष्ट्रीय वननीतीत आलं आणि 1988 च्या नीतीतही राहिलं. मॅकआर्थर-विल्सनच्या सिद्धांताहून ते जुनं आहे, म्हणजे कोणत्याही आलेखाच्या मोडावरून ते आलेलं नाही. पुढे 1994 मध्ये स्वीडनच्या हेन्रिक आंद्रेन याने पक्षी आणि सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास तपासून दाखवलं की भूभागात मूळ अधिवास 10 ते 30 टक्क्यांच्या खाली गेला की तुकड्यांचा आकार आणि एकमेकांपासूनचं अंतर एकदम महत्त्वाचं होऊ लागतं. तेहतीस आणि तीस जवळ आले हा निव्वळ योग.

पूर्व विदर्भातल्या ‘झुडपी जंगल’ जमिनी वनजमिनीच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. त्या प्रकरणात तीन हेक्टरांहून लहान आणि दुसऱ्या वनाला न लागलेले तुकडे हा वेगळा वर्ग म्हणून पुढे आला. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अशी रेघ कारभाराच्या सोयीची असते. तीन हेक्टरांखाली जैवविविधतेचं काही उरत नाही, असा तिचा अर्थ कोणी लावू नये. तसं म्हणायला त्या तुकड्यांतल्या मोजण्या लागतील, आणि त्याही सर्वांत लहान तुकड्यांसकट.

अशा मोजण्यांची सोय कागदावर तरी आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. महागाव तालुक्यातल्या एखाद्या शाळेने, महाविद्यालयाने किंवा समितीने नुसत्या जातींच्या नावांची यादी न करता चार गोष्टी जास्तीच्या लिहिल्या, तर त्या वह्यांतून आपल्या भागाचा उंबरठा खरोखर शोधता येईल: तुकडा किती हेक्टरांचा, तो कधीपासून सुटा पडला, जवळचं मोठं जंगल किती अंतरावर आणि मोजणारा तिथे किती मिनिटं होता. आणि एखाद्या एकरभर ई-क्लासवर सकाळभर थांबूनही काहीच दिसलं नाही, तर त्या पानावर तारीख, वेळ घालून शून्य लिहा. पान कोरं सोडू नका.